निळे डोळे, पांढरी बट आणि न ऐकणारे कान: डॉ. वार्डेनबर्ग यांच्या आयुष्यातून तुमच्या बाळासाठी काय घ्यायचे?

समजा, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबला राहता. घरात बाळ आले आहे. बाळाचे डोळे लख्ख निळे आहेत, किंवा एक निळा आणि एक काळा आहे. कपाळावर केसांची एक बट पांढरी आहे. शेजारपाजारच्या बाया कौतुकाने पाहून जातात. कोणी म्हणते, नशीबवान आहे पोर. कोणी दबक्या आवाजात म्हणते, कोड तर नाही ना? आणि एखादी आजी सुनेकडे पाहून विचारते, गरोदरपणात ग्रहण पाळले होते का?

या सगळ्या गडबडीत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही: बाळाला ऐकू येते का?

हा प्रश्न विचारायला जगाला शिकवले एका डोळ्यांच्या डॉक्टरने. त्यांचे नाव पेट्रस योहानेस वार्डेनबर्ग. तुमच्या बाळाच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी वार्डेनबर्ग सिंड्रोम असे लिहिले असेल, तर ते याच माणसाचे नाव. त्यांचे आयुष्य समजून घेतले की हा आजारही समजायला सोपा जातो, म्हणून आज त्यांचीच गोष्ट सांगतो.

डोळ्यांचा डॉक्टर, वंशावळीचा नाद

वार्डेनबर्ग यांचा जन्म ३ जून १८८६ रोजी नेदरलंड्समधल्या नायेव्हेन या खेडेगावात झाला. त्यांनी उट्रेख्ट शहरात वैद्यकीय शिक्षण घेतले. चष्म्याचा नंबर काढताना भिंतीवर जो अक्षरांचा तक्ता तुम्ही वाचता, तो स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी याच उट्रेख्टमध्ये १८६२ साली तयार केला होता. म्हणजे डोळ्यांच्या विद्येसाठी हे शहर आधीपासूनच नावाजलेले होते.

१९१३ साली वार्डेनबर्ग यांनी डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. विषय होता डोळ्यांचे गुणधर्म आणि आजार वंशपरंपरेने कसे येतात. त्या काळी हा विषय नवाच होता. वाटाण्याच्या झाडांवर प्रयोग करून मेंडेल यांनी मांडलेले आनुवंशिकतेचे नियम जगाला नव्याने सापडून जेमतेम १३ वर्षे झाली होती. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे नेमकी किती, हेसुद्धा तेव्हा नक्की ठरलेले नव्हते. ती ४६ आहेत हे १९५६ साली कळले.

पुढे त्यांनी अर्न्हेम शहरात डोळ्यांचा दवाखाना चालवला. दिवसभर रुग्ण तपासायचे, आणि एखाद्या रुग्णात काही वेगळे दिसले की त्याच्या आईवडिलांची, भावंडांची, आजीआजोबांची चौकशी करायची. कागदावर वंशावळ काढायची आणि कोणाच्या डोळ्यांत तेच लक्षण आहे ते नोंदवायचे. आज आनुवंशिकीच्या ओपीडीत डॉक्टर तुम्हाला जे प्रश्न विचारतात, ते हेच आहेत. तेव्हा घरातल्या माणसांची माहिती देताना संकोच करू नका. पूर्ण वंशावळ हातात आली की पुढच्या महागड्या तपासण्या कमी कराव्या लागतात.

१९३२ सालचा एक अंदाज

१९३२ साली त्यांचे मोठे पुस्तक जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. माणसाचा डोळा आणि त्याची आनुवंशिकता हा त्याचा विषय. त्यात त्यांनी डाऊन सिंड्रोमबद्दल एक अंदाज मांडला: हा आजार गुणसूत्रांच्या वाटणीत झालेल्या चुकीमुळे होत असावा. तो तपासून पाहायला त्या वेळी साधनच नव्हते. १९५९ साली पॅरिसमधल्या डॉक्टरांनी डाऊन सिंड्रोमच्या मुलांत एक गुणसूत्र जास्तीचे असते हे दाखवून दिले. अंदाज २७ वर्षांनी खरा ठरला, आणि तो पाहायला वार्डेनबर्ग हयात होते.

पण १९३२ नंतरचा काळ आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी काळाकुट्ट ठरला. शेजारच्या जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि जुलै १९३३ मध्ये एक कायदा झाला. त्यानुसार ज्यांचा आजार आनुवंशिक ठरवला जाई, अशांची सक्तीने नसबंदी करता येऊ लागली. त्या यादीत आनुवंशिक अंधत्व आणि आनुवंशिक बहिरेपणा ही दोन्ही नावे होती. १९४० मध्ये जर्मन फौजांनी नेदरलंड्स घेतले. सप्टेंबर १९४४ मध्ये अर्न्हेमला मोठी लढाई झाली आणि सगळ्या नागरिकांना शहर सोडावे लागले.

हे इथे सांगण्याचे कारण आहे. आनुवंशिक हा शब्द ऐकला की अनेक कुटुंबे घाबरतात आणि बाळाची तपासणीच टाळतात. लोक काय म्हणतील, मोठ्या मुलीचे लग्न अडेल, सुनेला माहेरी पाठवा म्हणतील, अशी भीती असते. ती निराधार नाही, कारण या ज्ञानाचा माणसांविरुद्ध वापर झालेला आहे. पण ज्ञान लपवल्याने नुकसान बाळाचेच होते. कोणाच्या वंशात दोष आहे हे ठरवत बसण्यासाठी तपासणी करायची नसते. या बाळाला कोणती मदत लागेल हे लवकर कळावे म्हणून ती करायची.

एक बहिरा माणूस आणि ८४० जणांची तपासणी

युद्ध संपले. १९४७ साली वार्डेनबर्ग यांनी एका जन्मतः बहिऱ्या माणसाची माहिती आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांपुढे मांडली. त्याच्या डोळ्यांचे आतले कोपरे नाकापासून बाहेरच्या बाजूला सरकलेले होते. डोळ्याच्या बुबुळाभोवतीचा रंगीत पडदाही वेगळा होता. त्याच देशात यान व्हान देर हूव्हे यांनी १९१६ साली अशाच दोन बहिऱ्या जुळ्या बहिणींचे वर्णन केले होते. स्वित्झर्लंडमध्ये डेव्हिड क्लाइन यांनीही अशी एक बहिरी मुलगी पाहिली होती.

दुसऱ्या कोणी याला योगायोग म्हटले असते. वार्डेनबर्ग यांना मात्र प्रश्न पडला: डोळ्यांचा कोपरा, डोळ्यांचा रंग आणि कान यांचा एकमेकांशी काय संबंध?

उत्तर शोधायला त्यांनी बहिऱ्या व्यक्तींच्या पाच संस्था गाठल्या आणि ८४० जणांना तपासले. त्यात १२ जणांत ही सगळी लक्षणे एकत्र सापडली. म्हणजे १०० बहिऱ्या व्यक्तींमागे साधारण दीड. मग त्यांनी अशा व्यक्तींच्या नातेवाइकांना तपासले. तिथे खरी गंमत कळली. एकाच घरात कोणाची फक्त बट पांढरी, कोणाचे डोळे दोन रंगांचे, कोणाला ऐकू येत नाही, तर कोणाच्या फक्त डोळ्यांचे कोपरे दूर. लक्षणे वेगवेगळी, पण मूळ एकच.

१९५१ साली त्यांनी हे सारे अमेरिकेतल्या मानवी आनुवंशिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. त्यांनी दिलेले आकडे असे:

• डोळ्यांचे आतले कोपरे दूर असणे: १०० पैकी ९९ जणांत
• नाकाचा वरचा भाग रुंद असणे: ७८ जणांत
• भुवया मध्यभागी जुळलेल्या असणे: ४५ जणांत
• दोन डोळ्यांचे रंग वेगळे असणे: २५ जणांत
• जन्मतः बहिरेपणा: २० जणांत
• कपाळावर पांढरी बट: १७ जणांत

साधारण ४२,००० माणसांत एकाला हा आजार असावा, असा त्यांचा हिशेब होता. नंतरच्या अभ्यासांत बहिरेपणाचे प्रमाण जास्त आढळले. वार्डेनबर्ग यांनी वर्णन केलेल्या पहिल्या प्रकारात ते निम्म्याच्या आसपास आहे. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांचे कोपरे नेहमीसारखे असतात, पण बहिरेपणा साधारण तीन-चतुर्थांश जणांत असतो. म्हणून डोळ्यांचे कोपरे ठीक दिसले तरी निश्चिंत राहू नका.

मग मुंबईतून आलेली नोंद

वार्डेनबर्ग पुढे लायडन विद्यापीठात वैद्यकीय आनुवंशिकी शिकवू लागले. २३ सप्टेंबर १९७९ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लक्षणे एकत्र का येतात याचे उत्तर त्यांना मिळाले नाही.

त्यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९८१ साली, या गोष्टीत महाराष्ट्राचे नाव आले. मुंबईतले डॉ. के. एन. शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच कुटुंबांतल्या १२ नवजात बाळांची माहिती प्रसिद्ध केली. या बाळांची बट पांढरी होती, डोळ्यांचा रंग वेगळा होता, आणि शिवाय त्यांच्या आतड्याचा बराच लांब भाग काम करत नव्हता. आतडे पुढे ढकलण्याचे काम करणाऱ्या मज्जापेशीच त्या भागात पोहोचलेल्या नव्हत्या. याला हिर्शस्प्रुंग आजार म्हणतात. वेळेवर लक्षात आला नाही तर तो बाळाच्या जिवावर बेततो. आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत या चौथ्या प्रकाराला शाह-वार्डेनबर्ग सिंड्रोम म्हणतात.

आता कोडे आणखी अवघड झाले. डोळे, केस, कान, आणि आता आतडे! हे सगळे एकत्र कसे?

मुकादम आणि मजूर

उत्तर गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. गर्भधारणेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीच्या रेषेवर पेशींची एक खास टोळी तयार होते. ही टोळी एका जागी थांबत नाही, ती शरीरभर प्रवासाला निघते. काही पेशी त्वचेत आणि केसांच्या मुळाशी जाऊन रंग तयार करतात. काही डोळ्यांच्या रंगीत पडद्यात जातात. काही आतड्यात जाऊन मज्जापेशी होतात. आणि काही रंगपेशी थेट कानाच्या आतल्या भागात, ऐकण्याच्या शंखात, जाऊन बसतात. तिथे त्या नसल्या तर शंखातल्या द्रवाचा तोल बिघडतो आणि कान ऐकू शकत नाही. म्हणजे केसांचा रंग आणि कानांचे ऐकणे एकाच टोळीवर अवलंबून आहे.

या टोळीला कामाला कोण लावते? प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण सगळी एकाच वेळी चालू नसतात. कोणते जनुक कधी आणि किती चालवायचे, हे ठरवणारी काही प्रथिने असतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मुकादम सकाळी कोणाला कोणत्या वावरात पाठवायचे ते ठरवतो, तसेच हे. मुकादम स्वतः कापूस वेचत नाही, पण तो आला नाही तर सगळ्या टोळीचे काम अडते. माणसाच्या शरीरात असे सुमारे १,६०० मुकादम आहेत.

१९९२ साली इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दोन गटांना एकाच वेळी उत्तर सापडले. वार्डेनबर्ग यांच्या पहिल्या प्रकारात दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचे पॅक्स-३ हे जनुक बिघडलेले असते. ते एका ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचे जनुक आहे. १९९४ मध्ये दुसऱ्या प्रकाराच्या काही कुटुंबांत मिटफ नावाचा दुसरा मुकादम बिघडलेला सापडला. १९९८ मध्ये चौथ्या प्रकारात सॉक्स-१० सापडला. पुढे कळले की पॅक्स-३ आणि सॉक्स-१० हे दोघे मिळून मिटफला चालू करतात आणि मिटफ रंगपेशींना कामाला लावतो. एकाच साखळीच्या या कड्या आहेत. सॉक्स-१० आतड्याच्या मज्जापेशींसाठीही लागतो, म्हणून तो बिघडला की आतडेही अडते.

आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. मग एक प्रत चांगली असताना आजार का होतो? अनेक आजारांत एक चांगली प्रत पुरते. पण मुकादमांच्या बाबतीत मात्रा फार महत्त्वाची असते. निम्मेच मुकादम हजर असतील तर जवळच्या वावरातले काम होऊन जाते, पण लांबच्या वावरापर्यंत मजूर पोहोचत नाहीत. कपाळ, डोळे, कान ही या पेशींसाठी लांबची वावरे आहेत. कोणाचे कोणते वावर सुटेल हे बऱ्याच अंशी योगायोगावर असते. एकाच घरात लक्षणे वेगवेगळी का, या वार्डेनबर्ग यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

जन्मतः होणाऱ्या इतरही काही आजारांत अशीच गोष्ट असते. पॅक्स-६ बिघडला तर डोळ्यांतला रंगीत पडदा तयार होत नाही. टीबीएक्स-५ बिघडला तर हात आणि हृदय या दोन्हींत दोष येतो.

आईचा दोष नाही

वर सांगितलेला तिसरा-चौथा आठवडा पुन्हा आठवा. त्या वेळी अनेकींना आपण गरोदर आहोत हे माहीतही नसते. ग्रहणात भाजी चिरली, काही वेगळे खाल्ले, जड काम केले, यातल्या कशानेही पॅक्स-३ बिघडत नाही. बिघाड आईकडून येऊ शकतो, तसाच वडिलांकडूनही येऊ शकतो. काही बाळांत तो नव्यानेच झालेला असतो, आईवडील दोघांतही नसतो. म्हणून सुनेला बोल लावणारे कोणी घरात असेल, तर हा लेख त्यांनाही वाचून दाखवा.

पांढरी बट म्हणजे कोड नव्हे, कुष्ठरोग नव्हे. ती संसर्गाने पसरत नाही. बाळ बुद्धीने साधारणपणे इतर मुलांसारखेच असते. ते मंद वाटत असेल तर आधी कान तपासा, कारण न ऐकणारे मूल बोलायला शिकत नाही आणि लोक त्याला मंद समजतात.

तुम्ही काय करायचे?

• बाळाचे डोळे खूप निळे किंवा दोन रंगांचे असतील, बट पांढरी असेल किंवा घरात कोणी जन्मतः बहिरे असेल, तर पहिल्या महिन्यातच कानांची तपासणी करून घ्या. ओएई आणि बेरा या तपासण्यांत दुखत नाही. बाळ झोपलेले असतानाही त्या होतात. मागे थाळी वाजवून पाहणे ही तपासणी नव्हे.

• दोष असेल तर तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत, असे डॉक्टर सांगतात. श्रवणयंत्र पुरत नसेल तर कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. या आजारात सहसा दोष शंखात असतो आणि श्रवणनस चांगली असते, त्यामुळे अनेक मुलांना इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो. मात्र ते लहान वयातच करावे लागते.

• आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मतः बहिरेपणाचा समावेश आहे. बोरी अरबच्या लोकांना यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. इम्प्लांटसाठी सरकारी मदतही मिळते. तिची चौकशी तिथेच करा.

• नवजात बाळाला ४८ तासांत शी झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर थांबू नका. घुटी, काढा देऊ नका. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. बट पांढरी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

• आईला किंवा वडिलांना हा आजार असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारात प्रत्येक गरोदरपणी बाळात तो येण्याची शक्यता साधारण निम्मी असते. चौथ्या प्रकारातल्या काही कुटुंबांत आईवडील निरोगी असतात आणि दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत येते. तिथे शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न झाले असेल तर असे घडण्याची शक्यता वाढते, म्हणून हे डॉक्टरांना सांगा.

• पहिल्या प्रकारात क्वचित बाळाच्या मणक्यातही दोष आढळतो. त्यामुळे पुढचे मूल हवे असेल तर दिवस जाण्याआधीच फॉलिक ॲसिड किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा.

वार्डेनबर्ग यांच्याकडे जनुक तपासणारे यंत्र नव्हते. त्यांनी डोळे नीट पाहिले आणि मग विचारले की ऐकू येते का, घरात आणखी कोणाला असे आहे का. हे दोन प्रश्न तुम्हीही आजच विचारू शकता. बाळाच्या निळ्या डोळ्यांचे कौतुक जरूर करा, पण त्याच आठवड्यात त्याचे कानही तपासून आणा.

(हा लेख माहितीसाठी आहे. बाळाचे निदान आणि उपचार बालरोगतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि आनुवंशिकी तज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच करा.)